मामाची जड बॅट

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अक्का? अगं बोल ना. मी रतीच बोलतोय.

नाही, दुसरं कुणी नाही, मीच आहे. आवाज?… आवाज माझाच आहे. ओठ जरा सुजलाय म्हणून तसा येतोय… गांधीलमाशी. गांधीलमाशी चावली… हो, बरोबर ओठालाच. तिला दुसरी जागा आवडली नसेल.

जळगावात काय कमी आहेत का गांधीलमाश्या? ते जाऊ दे. तू कुठे आहेस? मागे घरघर घरघर चाललंय काहीतरी… गच्चीवर? पापड वाळत घातलेत?… वारा आहे होय. धुळ्याचा वारा म्हणजे आधी पापड नेतो, मग कपडे नेतो. दोरी घट्ट बांध.

हां, बोल… काय?… परत सांग एकदा… बॅट? कसली बॅट?

पिकलबॉलची?

अक्का, थांब जरा. मला खुर्चीत बसू दे.

हां, बसलो. अगं, धक्का नाही, आनंद. मी हा खेळ सुरू केल्यापासून घरात कुणी आपणहून मला त्याच्याबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. तुझी भावजय विचारते, पण ती "अजून किती दिवस चालणार" एवढंच विचारते. आता तू विचार. निवांत विचार. मी रिटायर माणूस आहे, मला कुठे जायचंय.

कुणासाठी हवीये?… गेंदाबाई? कोण गेंदाबाई?… तुझ्या भजनी मंडळातली? तिथेही पोचला का हा खेळ? चांगलं झालं. टाळ वाजवून मनगट तयार असतं बायकांचं… सहा महिने खेळतेय? मग ती मध्यम झाली.

मध्यम, मध्यम. अगं ऐक ना. यात तीन तऱ्हेची माणसं असतात. नवशिक्याचा चेंडू बाहेर गेला की तो म्हणतो, चुकलं माझं. मध्यमाचा बाहेर गेला की तो बॅटकडे बघतो. तरबेज माणसाचा बाहेर जातच नाही… मी?… मी बॅटकडे बघतो.

हो, पॅडल म्हणतात तिला. दुकानात पॅडल म्हण, नाहीतर क्रिकेटची देतील. आमच्या कोर्टवर सगळे बॅटच म्हणतात.

तर पहिलं वजन. हलकी घे म्हणावं, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. त्याच्यावर जाऊच नको म्हणावं… जड बॅटनं मार जोरात बसतो, खरं आहे. समोरच्यालाही बसतो आणि आपल्या कोपरालाही बसतो. आमच्यातला सुकदेव आठवतो?… तहसीलमध्ये होता तो. त्यानं हौसेनं दुकानातली सगळ्यात जड उचलली. महिन्याभरात कोपर गेलं. आता चहाचा कप दोन्ही हातांनी उचलतो. मुलीच्या लग्नात अक्षता डाव्या हातानं टाकल्या, व्याह्यांनी वाईट अर्थ घेतला. अजून बोलणं बंद आहे.

माझ्याकडे?… माझ्याकडे दोन्ही आहेत. जड आहे, ती पलंगाखाली ठेवलीये. डॉक्टर म्हणाले टाकून द्या. टाकवत नाही. हलकीनं खेळतो हल्ली.

दुसरं, मूठ. दांडा हातात धरायचा, आणि दुसऱ्या हाताचं बोट आपल्या बोटांची टोकं आणि तळवा यांच्या फटीत घालून बघायचं. बरोबर बसलं की मूठ बरोबर. शिरलंच नाही तर बारीक आहे, आणि फट उरली तर जाड… बारीक चालेल, वरून पट्टी गुंडाळता येते. जाड मात्र तासता येत नाही. पाचोऱ्याच्या एका गृहस्थानं तासली होती, रंध्यानं. छान गुळगुळीत झाली. पहिल्याच सर्विसला हातातून सुटली ती पंचाच्या गुडघ्यावर. ते पंच आता सगळे निर्णय बसूनच देतात.

हो, हो… लिहून घेतेस का? लक्षात राहील? बरं.

तिसरं, जाडी. मुठीची नाही, बॅटच्या अंगाची. पातळ असते तेरा मिलिमीटरची आणि जाड सोळाची. पातळ बॅटनं चेंडू सुटला की सुटला, मग तो आपला राहत नाही. जाड बॅट ऐकते. गेंदाबाईला जाड दे. आणि आकार रुंद. लांबट नको… लांबट तुझ्या ईश्वरकडे आहे ना. हात लांब पोचतो त्यानं, पण चेंडू बरोबर मधोमध बसला तरच. बसला की मग समोरच्याच्या…

नाही, काही नाही. ओठाला फोन लागला. गांधीलमाशी वाईट चावलीये.

तोंडाला, म्हणजे बॅटच्या तोंडाला, कार्बनचा खरखरीत थर बघून घे. चेंडूला फिरकी मिळते. आणि रंगावर जाऊ नको म्हणावं. मध्यम माणूस नेहमी लाल रंगाची घेतो.

कधी हवीये?… उद्या सकाळी? अगं, इतकी कसली घाई?… मॅच आहे तिची? उद्याच?… मग नवी बॅट घेऊन थेट मॅचला उतरायचं नसतं अक्का, ते नव्या चपला घालून लग्नाला जाण्यासारखं आहे. असं कर, माझी हलकीच पाठवतो कुणाबरोबर तरी. मुरलेली आहे. सकाळच्या एसटीनं धुळ्याला… नको? येऊन घेऊन जाईल? इथे? कोण, गेंदाबाई?… बरं, येऊ दे. जेवून जा म्हणावं.

सराव? एका संध्याकाळीत काय सराव होणार?… भिंत आहे ना कुठे? पत्र्याची नको, विटांची. भिंतीवर जाळीच्या उंचीची खडूनं रेघ मारायची आणि चेंडू त्या रेघेच्या जरासा वर, हळू, हळू मारत राहायचं. जोरात नाही. अंगाईसारखं… हो, त्याच्यातच सगळं आहे. जोरात मारायला पहिल्या दिवसापासून येतं, हळू मारायला मध्यम व्हावं लागतं.

मग जोडीदाराबरोबर कोपऱ्यातून कोपऱ्यात. जाळीला लागून दोन्ही बाजूंना सात सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात… हसू नको, खरंच म्हणतात. त्यात उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही, टप्पा पडू द्यायचा. गेंदाबाईला सांग, पायाचा अंगठाही लागता कामा नये. घरचं किचन वेगळं.

आणि तिसरा फटका. आपण सर्विस केली, समोरून परत आला, की तो तिसरा फटका आपला. मध्यम लोक तो धाडकन मारतात. तो मारायचा नाही, सोडायचा. जाळीवरून अलगद समोरच्याच्या पट्ट्यात सोडायचा, आणि तो वाकेपर्यंत आपण चालत पुढे जायचं. बादलीभर चेंडू घ्यायचे आणि हा एकच फटका करत बसायचं. कंटाळा आला की समजायचं सराव चालू झाला.

काय?… नाही, ऐकतोय, बोल… समोर म्हातारा असला तर?

कसा म्हातारा?… साठीच्या पुढचा, पोट सुटलेला, डावा गुडघा धड नाही. बरं. उजव्या हातानं खेळतो?… मग सोपं आहे. असल्या माणसाला चेंडू अंगावर द्यायचा. उजव्या काखेत. बॅट इकडून लावू की तिकडून लावू, या विचारात चेंडू बरगडीत बसतो. अंगाला लागला की गुण आपला… लागतं ना. पोकळ प्लास्टिकचा असतो आणि भोकं असतात, पण जोरात बसला की काळंनिळं होतं. भोकांसकट उमटतं. छातीवर चाळणी ठेवून दाबल्यासारखं दिसतं.

बरोबर. आणि डावा गुडघा वाईट असेल तर त्याच्या डाव्या खांद्यावरून उंच टाकायचा. तो उलटा पळणार. पळताना मागे बघणार की पाय बघणार? पडतो. डोक्यावर पडला नाही म्हणजे मिळवली.

हृदयाचं?… म्हणजे ऑपरेशन झालंय त्याचं? जाळी बसवलीये? आणि तरी खेळतो?

अक्का, खरं सांगू का? असल्या माणसानं कोर्टवर यायचंच कशाला? मला तर त्याच्या घरच्यांचं नवल वाटतं. बायको आहे, बहीण-बिहीण असेल कुणी, त्यांनी आवरायला नको का त्याला? सांगून ऐकत नसेल तर धरून बसवायचं. उद्या कोर्टवर काही झालं म्हणजे लोक कुणाला बोलतील?

हो… हो, पक्कं माझं मत आहे… परत कशाला बोलू? मी बोललो ना, घरच्यांनी आवरायला हवं. लिहून ठेव पाहिजे तर.

थांब हां एक मिनिट. अगं, बर्फ इथे ठेव, स्टुलावर. अक्काचा फोन आहे. नाही… हळू बोल… हळू.

हॅलो… काय ऐकलंस?… नाही गं, ती टीव्हीवर… हो, आमचा टीव्ही बंद पडलाय गेल्या आठवड्यापासून, तुला बरं ठाऊक.

बरं बाई. गांधीलमाशी नव्हती. तुना पोऱ्यानी फोडा मना ओठ. झालं समाधान?

ईश्वरनं. तुझा एकच आहे ना पोरगा, तोच… काल सकाळी. कोर्टवर. त्या लांबट बॅटनं. चेंडू एवढा उंच आला, त्यानं उडी मारली आणि दिला. मला दिसलासुद्धा नाही. आधी आवाज ऐकू आला, मग समजलं की आवाज माझ्यातूनच आला… दोन टाके. दात हलतोय एक. तो आधीच हलत होता… रक्त आलं, पण शर्ट जुना होता.

परवा? परवा कानावर. त्याआधी मांडीवर. मांडी दाखवता येत नाही.

अगं, रागानं नाही मारत तो. लगेच पळत येतो, "मामा लागलं का, मामा पाणी" करतो, खांदा दाबून देतो, आणि पुढच्या चेंडूला परत मारतो. सांगतो ना, सगळं सांगतो. तू मध्ये बोलू नको.

महिन्यापूर्वी आला माझ्याकडे. म्हणाला, मामा, आता खेळणं सोडा. मी म्हटलं, का? तर म्हणे वय झालं. मी म्हटलं, हरवून दाखव. त्यावर ठरलं. तीन मॅच. तो आणि निंबा एका बाजूला, मी आणि नासीरभाई दुसऱ्या बाजूला. मी हरलो तर बॅट त्याच्या हवाली करायची आणि कोर्टचं तोंड बघायचं नाही. शब्द दिलाय मी, सगळ्यांसमोर… नासीरभाई, गादीवाला. कापूस पिंजून पिंजून हात असे झालेत त्याचे. माणूस चांगला, फक्त प्रत्येक चेंडूला "रतीभाऊ, सोडा" म्हणून ओरडतो. आत पडणाऱ्यालाही सोडा, बाहेर पडणाऱ्यालाही सोडा.

पहिली मॅच ते जिंकले, दुसरी आम्ही जिंकली. तिसरी उद्या.

मी का नाही मारत म्हणजे? काय विचारतेस तू? भाचा आहे तो माझा. तूच तर सगळ्यात आधी सांगायचीस लहानपणी. आई काय म्हणायची? "भाचाले मारू नही रे, म्हातारपणी हात थरथर कापतस." त्या छगनमामाचे हात आठव. ताटातला भात तोंडापर्यंत येईतो निम्मा धोतरावर… ते त्या आजारानं असेल गं, पण त्यानं आपल्याला चिंचेच्या फोकानं झोडलं होतं, हेही खरंच.

चेंडूनं मारलं तरी मारणंच ते. मी विचारलं दोघातिघांना. कुणी छातीठोक सांगेना की चालतं म्हणून.

आणि ही गोष्ट निंबाला बरोबर माहीत. निंबा गं, केळीच्या गाड्या भरतो तो, यावलचा. मॅच सुरू झाली की तो ईश्वरला माझ्यासमोर जाळीला उभा करतो आणि आपण त्याच्या आडोशानं खेळतो. मला चेंडू मिळतो छातीच्या वर, लाडवासारखा. मी बॅट उगारतो. समोर बघतो तर ईश्वर, आणि तुझं नाक आहे त्याला. हात ढिला पडतो. मी आपला हळूच ठेवतो चेंडू त्याच्या पुढ्यात, आणि तो माझ्या कानावर देतो. भाच्यानं मामाला मारलं तर काय होतं, ते कुठेच सांगितलेलं नाही. हे नियम मामांना विचारून केलेले दिसत नाहीत.

शिवाय मॅचच्या आधी मी त्याच्या पाया पडतो… पडायचं असतं ना भाच्याच्या, आपल्यात पद्धत आहे, कोर्टवर काय आणि घरात काय. नासीरभाई म्हणतो, रतीभाऊ, ज्याच्या पाया पडता त्याला हरवणार कसं? बरोबर आहे त्याचं.

दुसरी मॅच?… ती अशी जिंकली, की निंबा काही माझा भाचा नाही.

म्हणजे, ईश्वरच्या वाट्याचं जे काही माझ्या हातात साठलं होतं, तेही मग निंबाच्याच वाट्याला गेलं. काखेत, काखेत, काखेत. मधे एकदा गळ्याजवळ. शेवटी तो बॅट आडवी धरून ईश्वरच्या मागे जाऊन बसला. खाली बसलेल्याला लागला तरी गुण मिळतो, पंचाला विचारून मग मी मारला… करंगळी मोडली आणि एका बरगडीला चीर आहे. मी गेलो होतो बघायला दवाखान्यात. केळी नाही नेली, त्याच्याकडे असतातच. खोकला की रडतो. हसला तरी रडतो, म्हणून मी त्याला एकदोन गोष्टी सांगितल्या.

काळजी कसली? उलट आता काळजी मिटली. निंबा आता पावसाळ्यापर्यंत बॅट धरत नाही. उद्या सकाळी ईश्वर येणार एकटा. जोडीदार नाही तर मॅच नाही, आणि मॅच नाही तर मी जिंकलो. माझं खेळणं चालू.

बदली माणूस? अगं, ती अट मीच घालून ठेवलीये पहिल्या दिवशी. बदली घ्यायचा तर घरातलाच घ्यायचा. बाहेरचा नाही. नाहीतर हा स्टेडियमवरचा एखादा दांडगा पोरगा आणून उभा करायचा. आता ईश्वरच्या घरात आहे कोण? तुझ्या सुनेला, शीतलला, तर चेंडू दिसला की डोळे मिटायची सवय. दाजी गेले बिचारे. आणि राहता राहिली तू. तू तर तिकडे धुळ्याला, गच्चीवर, पाप…

अक्का.

आत्ता कोण ओरडलं?

नाही, मागे कुणीतरी ओरडलं. "एरंडोलवाले पुढे या" म्हणालं… तुझ्या गच्चीवर कंडक्टर काय करतोय?

अक्का, तू कोठे शेस?

एसटीत. पारोळा गेलं, एरंडोल आलं. म्हणजे तासाभरात जळगाव… आणि ती गेंदाबाई कुठे आहे? तीही आहे का बसमध्ये?

हं. बठ्ठं समजनं माले. गेंदाबाई कुणी नाहीच. सहा महिने तूच खेळतेयस. आणि म्हातारा… पोट सुटलेला, डावा गुडघा… उजवी काख पण मीच सांगितली तुला. डाव्या खांद्यावरून उंच टाक, तेही मीच.

नाही, बोलतोय. आहे फोनवर. जरा बर्फ लावतोय.

म्हणजे हे सगळं पहिल्यापासून तुझंच. ईश्वरला तूच पाठवलंस… हिनं फोन केला होता तुला? रडून?… कधी?… जाळी बसवली तेव्हापासून रोज? मला वाटायचं माहेरी बोलते.

ओठ फोडायला नव्हतं सांगितलंस, ते मला कळतं. नुसतं हरव म्हणालीस. आणि मामा उलट मारणार नाही, हे तू धरूनच चालली होतीस. ते गणित बाकी चोख होतं तुझं. मास्तरीण शोभतेस.

हो, म्हणालो ना मी, घरच्यांनी आवरायला हवं. आत्ताच म्हणालो. माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंस, आता कळतंय का ते. ते माझे शब्द आहेत, मी नाकारत नाही.

अक्का, तू ऐक आता माझं. खिडकी लाव आधी, आवाज येत नाही.

जाळी बसवून आलो त्या दिवसापासून या घरात माझ्याशी कुणी मोठ्यानं बोललेलं नाही. सगळे हळू बोलतात. पंखा हळू लावतात. दार हळू लोटतात. मी डाळीत मीठ जास्त आहे म्हटलं तरी "बरं बरं" म्हणतात. केळीच्या घडाला पिशवी बांधून ठेवतात बघ मळ्यात, डाग पडू नये म्हणून, तसं मला बांधून ठेवलंय. घड कापायच्याच आधी बांधतात ती पिशवी, हे तुलाही माहीत आहे.

आणि सकाळी कोर्टवर गेलो की नासीरभाई ओरडतो, निंबा खेकसतो, तुझा मुलगा थोबाड फोडतो. बरं वाटतं गं. कुणी आपल्याला जोरात मारतंय, म्हणजे आपण अजून आहोत असं त्याला वाटतंय ना?

रडू नको. बसमध्ये लोक बघतात… अगं डॉक्टरांनीच सांगितलंय की बेतानं खेळा. बेतानं म्हणाले, नको नाही म्हणाले. विचार त्यांना. जड बॅट तेवढी टाका म्हणाले.

नाही, शब्द तो शब्द. मोडायचा नाही. उद्या मॅच होईल. तू घरातलीच आहेस, अट मीच घातलीये. तू आणि ईश्वर एकीकडे, मी आणि नासीरभाई एकीकडे. हरलो तर बॅट ठेवून देतो, सकाळी तुळशीला पाणी घालत बसतो, पाहिजे तेवढं हळू बोला माझ्याशी. पण मी जिंकलो तर या घरात मला कुणी परत "खेळू नका" म्हणायचं नाही. आणि पंखा पाचावर लावायचा. कबूल?

विचार कसला करतेस? इथे माझी अख्खी सकाळ पणाला लागलीये, तुझी एक एसटीची फेरी… कबूल? मोठ्यानं म्हण, बसमधल्यांना ऐकू जाऊ दे.

झालं.

तू कुठे उभी राहणार?… जाळीला? माझ्यासमोर?… ईश्वरनंच सांगितलं? म्हणजे आजवर तो माझ्यासमोर उभा राहायचा, उद्या तू… हो, हो, समजलं. मोठी बहीण म्हणून मामाचा हात आणखीच ढिला पडेल. बरोबर विचार केलाय त्यानं. मुलगा हुशार आहे.

नाही, काही नाही. एक आठवलं. पांझरेवर आपण धुणं धुवायला जायचो, तेव्हा तू मला मोगरी हाणली होतीस, आठवतं?… धुण्याचीच, लाकडाची. रुंद होती, आणि दांडा तुझ्या मुठीत बरोबर बसायचा. उजव्या भुवईवर. खूण अजून आहे… साबण वाहून गेला होता माझ्या हातून, मान्य आहे. इतकी वर्षं मी ते विसरूनच गेलो होतो. आज तू बॅटचं विचारलंस आणि आठवलं.

आणखी एक विचारायचं होतं. भाच्यावर हात उचलायचा नाही, एवढंच आई सांगून गेली ना? बहिणीबद्दल ती काही बोलल्याचं तुला आठवतं का?… नीट आठव. तू मोठी आहेस… नणंदेचं वेगळं, ते बायकांचं आहे. मी भावा-बहिणीचं विचारतोय… नाही ना आठवत?… मलाही नाही आठवत.

हसतेयस काय?… मी कुठे हसतोय? ओठाला टाके आहेत, हसता येत नाही.

हात कापायचे असते तर ते लहानपणीच कापले असते, तुझी वेणी ओढली तेव्हा.

स्टँडवर मी येतो घ्यायला. रिक्षा करू नको. भरीत आहे रात्री, हिनं वांगी भाजायला घेतलीच आहेत… पुऱ्याही करेल. ईश्वर-शीतललाही बोलाव… हो, बॅट देतो की, बोललो ना. हलकी, रुंद, सोळाची, मूठ तुझ्या हाताला बसेल. माझ्या बॅटनंच मला हरव, मला काही वाटणार नाही. जेवण झालं की मागच्या भिंतीवर खडूनं रेघ मारून देतो, सराव कर. हळू, हळू. अंगाईसारखं.

आणि अक्का, चष्मा. तुझा वाचायचा नाही, खेळायचा, प्लास्टिकचा जाड असतो तो. माझ्याकडे आहे जास्तीचा. उद्या तो लावल्याशिवाय मी सर्विस करणार नाही… का म्हणजे? बहीण आहेस माझी, तुझ्या डोळ्याला काही… हॅलो?… अक्का?… अगं ऐक ना, काखेचं पण जरा… हॅलो?

गेली रेंज.

अगं, ऐकलंस का? अक्का येतेय. दोन वांगी वाढव… हो, मुक्कामाला. खेळणार आहे उद्या… ते ती आली की तिलाच विचार, तुमचं आधीच बोलणं झालंय म्हणे… नाही, चिडलो नाही. आणि कपाटावरची हलकी बॅट पुसून ठेव, तिला द्यायचीये.

माझी?

माझी ती पलंगाखालची काढ.